वरची कोरी जागा

व्यासराजनं चौथा नंबर फिरवला. पुन्हा तेच, नुसतं कूं कूं. आत त्याची बायको विजयलक्ष्मी बाळंत झाली होती आणि तिचं रक्त थांबत नव्हतं. तिच्या गटाची एकही बाटली त्या तमिळ गावातल्या इस्पितळात नव्हती. समोरच्या कॉम्प्युटरवर मात्र नऊ रक्तदात्यांची नावं होती, नऊ फोन होते, आणि एकही लागेल तर शपथ!

हे वेबपेज त्यानंच बनवलेलं. आधी इस्पितळात रक्तदात्यांची कार्डं असत. कार्डाच्या माथ्यावर बोटभर जागा कोरी सोडलेली. "फुकट कशाला अडवायची?" म्हणून यानं पेजवरून ती उडवली आणि फोनचा चौकोन थेट वर आणून बसवला. केवढी शेखी मिरवली होती तेव्हा!

"सार, अर्धा तास आहे हातात," नर्स दारातून म्हणाली. "फार तर."

पाचवा नंबर. कूं कूं. "मेलो रे देवा," व्यासराज पुटपुटला. पडद्यावरून त्याची नजर खाली उतरत गेली आणि अडली. नऊच्या नऊ नंबर दोननं सुरू होत होते. मोबाइलचा नंबर तर कधीच दोननं सुरू होत नाही.

"महालिंग अय्या, हा दोन कुठला?" त्यानं शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं.

महालिंग इथं तीस वर्षं कारकून होता. सगळी कार्डं त्यानंच पेजवर चढवली होती. म्हातारा चपापला.

"दोन नव्हे, तंबी," धाकट्या भावाला सांगावं तसं तो म्हणाला. "पिळ्ळैयार सुळी ती. तुम्ही मराठी लोक आधी श्री लिहिता ना, तशी आमची तमिळ लोकांची गणपतीची खूण. कार्डावर वरच्या कोऱ्या जागेत काढायचो. तुमच्या पेजवर वर जागाच नाही. मग पहिल्याच चौकोनात घातली. या बटणांत दोनच तिच्यासारखा दिसतो."

व्यासराजला त्याची मुंडी मुरगळावीशी वाटली. मग स्वतःची.

त्यानं दोन गाळून नंबर फिरवला. घंटी वाजली. एकदा, दोनदा, पाचदा. जवळच्याच साक्कोट्टै गावाहून कुणीतरी "हलो" म्हणालं. व्यासराजला धड बोलताही येईना. पलीकडचा माणूस ऐकून घेत म्हणाला, "रडू नका हो. गाडी काढतोच आहे."

नर्सनं ऑपरेशनच्या संमतीचा कागद पुढं केला. "इथं खाली सही करा. लवकर."

व्यासराजनं पेन घेतलं. खाली जायच्या आधी त्याचा हात कागदाच्या माथ्यावरच्या कोऱ्या जागेकडे गेला, आणि तिथं त्यानं श्री लिहिलं.