मागे कोणी नाही

डोंगरातल्या त्या कच्च्या वाटेवर एका वेळी एकच जीप मावते. आम्ही चढावर होतो, म्हणून समोरून उतरणाऱ्या निळ्या जीपवाल्याने रिवाजाप्रमाणे गाडी मागे घेऊन कडेला लावली. आपल्या मागून जेवढ्या गाड्या येत असतील तेवढी बोटं दाखवायची, हाही इथला रिवाज. त्याने मिटलेली मूठ दाखवली. म्हणजे मागे कोणी नाही.

"दिलदार माणूस," मी म्हणालो.

"नजर चुकवत होता," बायको म्हणाली. "कुठेतरी पाणी मुरतंय. वळणावर हॉर्न दे."

तिला शेजारच्या मांजराचाही संशय येतो. तरी हॉर्न दिला.

वळणापलीकडे डोंगराच्या अंगात नाक खुपसून एक जीप उभी होती. शेजारच्या दगडावर एक बाई मनगट चोळत बसली होती.

"उतारावर ब्रेकच लागले नाहीत. दरीत जाण्यापेक्षा डोंगरावर घातली," ती म्हणाली. "निघताना ह्यांनी स्वतः तपासले होते हो."

बायकोने माझा दंड घट्ट धरला.



"हे पुढे गेलेत, निळ्या जीपमधून. मागे मी येतेय म्हणून त्यांनी तुम्हाला एक बोट दाखवलं असेल ना?"