खळ्याभोवतीच्या फेऱ्या

मुलीचा बाप मोटारसायकलच्या कडेने पळत होता आणि पळता पळताच विचारत होता, "नाचणी किती होते तुमच्याकडं?"

"घरात खाऊन उरते," मादेश म्हणाला आणि त्याने हँडल वळवलं. घरापुढच्या खळ्याला त्याची ही तिसरी फेरी. मागे बसलेल्या पुट्टस्वामीमामांनी एका हाताने भाच्याची कंबर आवळली होती. दुसऱ्या हातात मुलीकडच्यांसाठी आणलेली केळ्यांची फणी होती, ती द्यायला काही जमत नव्हतं.

थांबण्याची सोयच नव्हती. कोल्लेगाळहून निघाले तेव्हा गाडी सुतासारखी चालली होती. डांबर संपलं आणि डोंगर लागला. मग नुसते गोटे, बांबूची बेटं, दोन्ही अंगांनी ओरबाडणारी घाणेरी आणि वाटेच्या मधोमध हत्तीची ताजी लीद. कोरड्या ओढ्यात गाडी आडवी झाली, किक दगडावर आपटली आणि तुटून पडली. बॅटरी आधीच मेलेली. बांबू तोडणाऱ्या माणसांनी ढकलत ढकलत गाडी उताराला लावली, तेव्हा कुठे ती खोकत चालू झाली. त्यांतला एक म्हणाला, "आता पोचेपर्यंत थांबू नका. गिअर काढला की मेली म्हणून समजा."

ते थांबले नाहीत. शेळ्या आडव्या आल्या तेव्हा कुणाच्या तरी तुरीत घुसून पलीकडे निघाले. वाटेवरच्या टपरीवाल्याने चालत्या गाडीबरोबर धावत मामांच्या तोंडात वडा कोंबला. एका खड्ड्यात मामांची चप्पल उडाली. "माझी चप्पल," मामा म्हणाले. मादेशने वेग वाढवला. तेव्हापासून मामा एका पायाने अनवाणी होते.

गाडी मादेशची नव्हती, रेशमाचे कोष घेणाऱ्या व्यापाऱ्याची होती. मादेश रेशमाचे किडे पाळायचा. घरातल्या खोल्या किड्यांना आणि हा ओट्यावर, हे ऐकूनच मुली नको म्हणायच्या. या खेपेला मामांनी 'मुलाची स्वतःची गाडी आहे' असा निरोप धाडला होता. वळण घेता घेता ते भाच्याच्या कानात म्हणाले, "बंद पडलेली दिसली ना, तर हेही स्थळ गेलं. फिरत राहा."

मग ते मोठ्याने म्हणाले, "आमच्यात मुलगी बघताना जमिनीला पाय लावत नाहीत."

"चांगली चाल आहे," मुलीचा बाप चिक्कमादय्या धापा टाकत म्हणाला. तो इतक्या चटकन म्हणाला की मामांनाच नवल वाटलं.

"मग आत चला असा आग्रह नाही करत," मुलीची मावशी म्हणाली. ती ओवाळायला उभी होती. गाडी पुढून गेली की तबक फिरवायची आणि पुढच्या फेरीची वाट बघायची. दारातलं कुत्रं मात्र गाडीकडे ढुंकूनही बघत नव्हतं. ते चिक्कमादय्यावर भुंकत होतं.

मुलगी, होन्नम्मा, कॉफी घेऊन आली. उंच, उन्हाने रापलेली, पदर घट्ट खोचलेली. ती खळ्याच्या काठावर उभी राहिली आणि गाडी जवळ येताच तिने पेला पुढे केला. मादेशने तो थेंबही न सांडता उचलला. आयुष्यात इतकं नीट काही जमलं नव्हतं त्याला.

पुढच्या फेरीला तिने विचारलं, "किडे चावतात का?"

"नाही. पाला खातात तेव्हा पाऊस पडल्यासारखा आवाज होतो."

उत्तर संपेस्तोवर तो पार पलीकडे गेला होता. तो वळून येईपर्यंत ती विचार करत उभी होती.

"त्यात झोप लागते?"

"त्याच्याशिवाय लागत नाही."

ती हसली. हसू त्याला अर्धंच दिसलं, उरलेलं बघायला पुन्हा सगळ्या खळ्याला फेरी घालावी लागली. तो आला तोवर हसू गेलं होतं. आता ती त्याच्याबरोबर जागच्या जागी फिरत होती, मान वळवून त्याच्याकडे बघत.

"तुम्ही कधी थांबता?" ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होती.

"कार्तिकात," मामांनी दडपून दिलं. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मादेशला वाटलं, आता निघून गेलो तर हो म्हणेल ही. मग लग्नात फिरत राहायचं, बारशाला फिरत राहायचं, आणि हिचं हसू असंच अर्धं अर्धं बघायचं. त्याने ब्रेक दाबला. गाडी हिसका देऊन मेली. डोंगरात एकदम इतकं शांत झालं की चिक्कमादय्या आणखी चार पावलं एकटाच पळाला.

मादेश खाली उतरला. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून म्हणाला, "मादप्पा देवाची शपथ, ही गाडी माझी नाही. आमच्यात असली काही चाल पण नाही. थांबली की चालू होत नाही, म्हणून फिरत होतो. मला चालतच परत जायचंय."

मामांनी केळ्यांची फणी तोंडापुढे धरली.

चिक्कमादय्याने मावशीकडे बघितलं, मावशीने तबकाकडे. होन्नम्माने मादेशच्या हातातला पेला घेतला, पदराने पुसला आणि ओट्यावर पालथा घातला.

"मग चला पटकन, घरमालक बाजारातून यायच्या आत," ती म्हणाली. "आमचं घर त्या टेकडीमागं आहे. तिथं गाडी जातच नाही."