दार लाव रे!

राइली कॉफी आणायला खाली गेली होती. आइस हॉकीचा सामना सुरू व्हायला पंधरा मिनिटं होती. तेवढ्यात क्लबचा एक माणूस पायऱ्या चढून थेट हिल्काच्या खुर्चीपाशी आला.

"त्या 'दार लाव'वाल्या बाई तुम्हीच ना?"

हिल्कानं त्याच्याकडे पाहिलं. गळ्यात क्लबचं ओळखपत्र, हातात यादी.

"आज घरच्या मैदानावरचा वर्षातला शेवटचा सामना. पहिली चकती टाकून सामना सुरू करायला आम्ही दर वर्षी एका चाहत्याला बर्फावर बोलावतो. यंदा सगळ्यांनी तुमचंच नाव घेतलं. म्हणजे नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण 'दार लाव'वाल्या बाई म्हटल्यावर सगळे हसले. तुम्हीच ना त्या?"

त्या बाई म्हणजे राइली, हिल्काची धाकटी बहीण. तीन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा इथं आली, तीही घरी करमत नव्हतं म्हणून. तिला नियम कळत नव्हते, अजूनही कळत नाहीत. एकदा तर कोटाला शोभतो म्हणून ती विरुद्ध संघाच्या रंगाचा मफलर घालून आली होती. पण पहिल्याच सामन्यात समोरचे चौघे आपल्या गोलाकडे सुसाट निघाले, तेव्हा ती उभी राहून गोलरक्षकावर ओरडली, "अरे, दार लाव रे! गारठा आत येतोय!" सगळा स्टँड खदखदून हसला. पुढच्या सामन्याला वीस-पंचवीसजण तिच्याबरोबर ओरडले. आता निम्मं स्टेडियम ओरडतं.

हिल्का बावीस वर्षं याच खुर्चीवर बसत होती. त्यांचा क्रौंच संघ खालच्या श्रेणीत घसरला तेव्हा स्टँडमध्ये मोजून चाळीस माणसं यायची, त्यात ती होती. अंगात ताप असताना आली होती. कुठल्या खेळाडूचा कुठला गुडघा दुखतो, हेही तिला माहीत होतं. आणि बसचा ड्रायव्हर तिला एकटीला पाहिलं की विचारायचा, "आज राइली नाही?"

"हो, मीच," हिल्का म्हणाली.

बर्फावर लाल सतरंजी अंथरली होती. हिल्का तिच्यावरून चालत मध्यभागी गेली. दोन्ही कर्णधार काठ्या टेकवून वाट बघत होते. इतक्या जवळून तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आपल्या कर्णधाराच्या हनुवटीवर टाके होते. दिवे डोळ्यांवर येत होते. वर पाच हजार माणसं टाळ्या वाजवत होती. हिल्काला वाटलं, या टाळ्या माझ्याच आहेत. बावीस वर्षांच्या आहेत.

मग निवेदकानं माइक तिच्या तोंडापुढं धरला. "टाकण्याआधी एकदा होऊन जाऊ दे, बाई! आमच्या गोलरक्षकाला काय सांगता तुम्ही?"

टाळ्या थांबल्या. सगळे कान देऊन बसले.

हिल्कानं तोंड उघडलं. बावीस वर्षांत ती इथं एकदाही ओरडली नव्हती. ती बघायची.

"दार," ती म्हणाली. "दार बंद करावं."

कुणी हसलं नाही. वर कुणीतरी खोकलं. "ही ती नाही," असं एक मूल मोठ्यानं म्हणालं आणि त्याला कुणीतरी गप्प केलं. बाजूला उभ्या क्लबच्या माणसानं हातातल्या यादीकडे पाहिलं. हिल्काचे कान तापले. बर्फ फुटून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

तेवढ्यात वरून ओळखीचा आवाज आला. राइली जिन्याच्या तोंडाशी उभी होती, दोन्ही हातांत कॉफीचे पेले.

"अगं हिल्के, मोठ्यानं सांग! तो म्हातारा बहिरा झालाय!"

स्टेडियममध्ये एकच हशा उसळला. गोलरक्षकानं मुखवटा वर सरकवला आणि कानाला हात लावून दाखवला. मग पाच हजार माणसं ओरडली, "दार लाव रे!" त्या गोंधळात हिल्काच्या हातून चकती खाली पडली. कर्णधारानं ती उचलून, वाकून, तिच्याच हातात दिली.

ती वर आली तेव्हा मागच्या रांगेतला पेंती राइलीला विचारत होता, "तुला बोलावलं होतं ना गं? ही कशी गेली?"

"मीच पाठवलं तिला," राइली म्हणाली. "बर्फावर पाय घसरून पडले असते, तर तुम्ही वर्षभर हसला असता मला."

गेल्या रविवारी हीच राइली शेजारच्या पोरांबरोबर गोठलेल्या तळ्यावर दुपारभर स्केटिंग करत होती. हिल्का बसली. आता बहिणीवर चिडायलाही जागा उरली नव्हती, आणि हे तर तिला सगळ्यात जास्त लागलं.

तिनं चकती राइलीच्या पुढं धरली. "घे. तुझीच आहे."

राइलीनं पेले पायाशी ठेवले आणि ती काळी रबरी चकती उलटीपालटी करून पाहिली. तिला हसू आवरेना.

"एवढीशी असते होय? तीन वर्षांत मला कधी दिसलीच नाही!" तिनं ती हिल्काच्या मांडीवर ठेवून दिली. "तूच ठेव बाई, मी हरवीन. आणि सांग ना, आज आपले कुठल्या बाजूला?"

हिल्कानं बोटानं दाखवलं.