डाव्या कोपऱ्यातला माग

"आज माग हलका वाजतोय," आई पलंगावरून म्हणाली. "ताणा ढिला पडलाय का बघा म्हणावं ह्यांना."

"सांगते," म्हणून वैष्णवी उठली, शेजारच्या मागाच्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

यंत्रमाग बंद होता. अर्धी विणलेली चादर तशीच वर होती. खटखट येत होती ती फरशीवर ठेवलेल्या स्पीकरमधून.

बाबांना जाऊन चौदा दिवस झाले होते. मागापाशीच छातीत कळ आली आणि संपलं. त्या वेळी आई खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती; ती आजच घरी आली होती. तिचं हृदय आधीच अधू. महिनाभर कसलाही धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून वैष्णवीनं आणि धाकट्या ऋतुराजनं ठरवलं, की महिनाभर बाबा जिवंत ठेवायचे. बाबांचे डोळे आलेत, तुझे टाके ओले आहेत, म्हणून ते लांबच राहतात, असं त्यांनी आईला सांगितलं. भेटायला कुणी येऊ नये, हे गल्लीत सांगून ठेवलं. ऋतुराज डोक्यावरची टोपी काढत नव्हता. तो कामाला जायचा त्या चिंचोळीच्या कंपनीत सक्तीची केलीय म्हणे.

राहिला माग. तो त्या दोघांनाही चालवता येत नव्हता. पण एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी वैष्णवीनं गोंगाट मोजला होता तेव्हाचं चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग तिच्याकडे होतं. अकराव्या मिनिटाला बाबा खोकतात. तेवढा तुकडा तिनं कापून टाकला.

"आवाज वाढव की ताई," स्पीकरपाशी बसलेला ऋतुराज म्हणाला.

"वाढवून काय होतंय? आई माग कानानं ऐकत नाही. पलंगाच्या पायातनं ऐकते."

"मग?"

"खरा माग पायाला बोल्टनं आवळलेला आहे. त्याचा दणका जमिनीत उतरतो. ही शहाबादी फरशी मातीवर घट्ट बसलीय, एवढ्याशा स्पीकरनं ती हलत नाही."

"एमेस्सी कामाला आली बघ शेवटी," ऋतुराज म्हणाला. दोघंही हसले नाहीत.

ती स्पीकर वीतभर सरकवायची, आई झोपली की तिच्या उशाशी मोबाईल ठेवून मोजायची आणि आकडे वहीत उतरवायची. मधल्या भिंतीशी ठेवला की बरा वाजायचा. कोपऱ्यात, दोन भिंती आणि जमीन मिळतात तिथं, खालचा घुमारा दुपटीनं वाढायचा. उजव्या कोपऱ्यातनं मात्र तो नेमका आईच्या पलंगापाशी येऊन मरायचा. वैष्णवीला हे काम बरं वाटत होतं. सेंटिमीटर मोजताना दुसरं काही आठवत नव्हतं. ती अजून रडली नव्हती, आणि त्याचंही तिला काही वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिला डावा कोपरा सापडला. तिथं आजोबांच्या हातमागाचा खड्डा होता, वरून फळ्या टाकून झाकलेला. फळ्यांखाली पोकळी. स्पीकर त्यावर ठेवला आणि फळ्या ढोलासारख्या घुमल्या. वायर लांबच्या बोर्डापर्यंत पुरेना, म्हणून तिनं ती कोपऱ्यातल्या, दिवे-पंख्यांपुरत्या इन्व्हर्टरच्या प्लगला लावली.

त्या दुपारी आई म्हणाली, "आता वाजाय लागला की."

दुसऱ्या दिवशी तिनं आणखी एक खोट काढली. "धोटा डावीकडं गेला की ठोका जड पडतोय. ह्यांचा उजवीकडं जड पडतो. सांग त्यान्ला."

वैष्णवीनं स्पीकर चार बोटं भिंतीकडं सरकवला आणि खाली एक पाचर मारली.

पाचव्या दिवशी दुपारी ती जेवण घेऊन आली तेव्हा पलंगाच्या दांडीवर ठेवलेला आईचा हात ठोक्याबरोबर हलकेच थरथरत होता.

"कसा वाजतोय?" वैष्णवीनं विचारलं.

"अगदी ह्यांच्यासारखा."

वैष्णवीनं ताट पुढं ठेवलं. अजून बारा दिवस. निभेल असं तिला पहिल्यांदाच वाटलं. आईनं ज्वारीची अख्खी भाकरी खाल्ली. गेल्या पाच दिवसांत एवढी कधीच खाल्ली नव्हती.

"पिठलं चांगलं झालंय," आई म्हणाली. "तू जेवलीस का?"

"जेवते."

"न्हाय जेवलीस. बस हितं." आईनं तिला जवळ ओढलं आणि उरलेलं पिठलं तिच्यापुढं सरकवलं. "परवा दुपारी लाइट गेलती बघ. तासभर. समद्या गल्लीतले माग एकदम गप झाले."

वैष्णवीचा घास हातातच राहिला. त्या तासभर ती स्पीकरशेजारी बसून होती. बाहेरचं तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"आपला तेवढा चालू व्हता," आई म्हणाली. "खा की. मी बरी हाय." मग तिच्या पाठीवरनं हात फिरवत तिनं हळूच विचारलं,

"कावळा लवकर शिवला का गं?"