बोगद्याचं दार

समुद्राच्या तळावरची ती वस्ती भेगेच्या दोन्ही कडांवर होती. तळ रोज वितभर फाकायचा आणि मधला बोगदा ताणला जायचा. आज तो करकरायला लागला, म्हणून यंत्राने दार लावायला घेतलं.

"थांब, आमचे हे आत आहेत," कुमुद म्हणाली.

"नाव सांगा," यंत्र म्हणालं.

"अहो, लवकर या!" तिने बोगद्यात हाक मारली.

"'अहो' नावाचं इथे कुणी नाही." दार निम्मं सरकलं.

"धर्माजी म्हण त्याला," शेजारी उभी असलेली सासू यंत्रावर खेकसली. "मी आई आहे त्याची."

"नाव जोडीदारानेच सांगायचं. हाक थांबली की दार लागेल."

कुमुदने लग्नापासून नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेतलं होतं. ती अडखळत म्हणाली, "समुद्राच्या तळाशी शिंपल्यांची रास..."

"उखाणा कसला घेतेस, नुसतं नाव घे गं!"

"धर्माजी."

दार थबकलं. आत पाणी शिरल्याचा आवाज आला, पण कुणी दिसेना.

सासूने तिचा हात घट्ट धरला. "माझ्याकडे बघू नकोस. घेत राहा."

कुमुद नाव घेत राहिली. फटीतून एक ओला हात बाहेर आला, सासूने तो पकडला, तरी कुमुद थांबली नाही.