शॉकअपची किंमत

नील्लासने स्नोमोबाईल ट्रेलरवर लादून थेट गॅरेजच्या दारात आणून उभी केली. "वहिनी, पुढचे शॉकअप बदल. भारीतले टाक. धक्के सोसवत नाहीत आता. खर्च किती?"

उन्हाळ्यात रेनडिअरच्या पाडसांच्या कानांवर मालकांच्या खुणा कापल्या, तेव्हापासूनचा राग रिस्तेनने हातातला पाना पुसता पुसता दाबला. "घरचेच तुम्ही, भाऊजी. पैसे कसले? तुमच्या खुणेचं एक पाडस द्या. फक्त निवडणार मी, कळप वेगळे करायच्या दिवशी."

"एकच? घे की!" नील्लास खदाखदा हसला. भेटेल त्याला तो हा सौदा रंगवून सांगत सुटला.

बर्फ पडला. रेनडिअर कुंपणात आले आणि आपापली जनावरं ओळखायला सगळे जमले. नील्लास नवे शॉकअप बसवलेल्या स्नोमोबाईलवरून झोकात आला. "हं वहिनी, दाखव बोट! सगळ्यांदेखत देतो."

धष्टपुष्ट पाडसांकडे रिस्तेनने ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यात एका मादीला बिलगून उभ्या असलेल्या किडमिड्या पाडसाकडे तिने बोट दाखवलं. त्याच्या कानावर नील्लासचीच खूण कापलेली होती.

"हे? घे ना, माझंच आहे!"

म्हाताऱ्यांच्या नजरा पाडसाच्या कानावरून त्याच्या आईच्या कानाकडे वळल्या. तिथे रिस्तेनची खूण होती. आई जिची, पाडस तिचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुंपणाभोवतीचे सगळे वळून नील्लासकडे पाहू लागले.

"शॉकअप कसे आहेत, भाऊजी?" रिस्तेनने विचारलं. "धक्का नाही ना बसला?"