पाहुण्यांचा नळ

"दार नीट लावा, वन्सं. फट राहिली तर दिसायचं नाही."

किल्लीबाईंनी दार ओढून घेतलं आणि लॅबमागची चिंचोळी खोली काळीकुट्ट झाली. या रुग्णालयाच्या मेट्रनना सगळे पाठीमागे किल्लीबाई म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कोणाची नव्हती. पाणी तपासणारी डॉक्टर त्यांची सख्खी भावजय, तिचीही नाही.

कमी दिवसांच्या बाळांची खोली बंद पडली होती. तिथल्या पाण्यात जंतू निघाले. नळ बदलला, तरी पुन्हा निघाले. बाळं वरच्या मजल्यावर दाटीवाटीनं ठेवली होती, आणि हे येतात कुठून ते सापडेपर्यंत खोली उघडणार नव्हती. म्हणून भावजयीनं आसपासचा एकूण एक नळ तपासायला घेतला होता.

जांभळा दिवा लागला. टेबलावर काचेच्या दोन चपट्या बश्या होत्या, एकेका नळाचं पाणी घालून ठेवलेल्या. एक अंधारातच राहिली. दुसरी उजळली.

हिरवा, थंड उजेड. ठिपक्याला ठिपका लागून, काठापर्यंत. किल्लीबाई बशीवर वाकल्या.

"अगं, हे जिवंत आहे?"

"अगदी सुखात आहे."

"किती देखणं गं!"

"दिसण्यावर जाऊ नका. बाळाच्या फुप्फुसात शिरलं तर आवरत नाही."

किल्लीबाई भानावर आल्या. "ओपीडीतल्या बेसिनचं असणार. दिवसभर कोण कोण हात बुचकळतं तिथे. मी मेली केव्हाची ओरडतेय."

"ओपीडीचं हे." भावजयीनं अंधारातल्या बशीवर बोट ठेवलं. "एकदम स्वच्छ."

"मग ते?"

"रागावणार नाही ना?"

"बोल लवकर."

"पाहुण्यांच्या बाथरूमचं."

बाळांच्या खोलीला लागूनच ते बाथरूम होतं. बड्या पाहुण्यांसाठी बांधलेलं. पाहुणे आले, दारात फोटो काढून दारातूनच गेले. तेव्हापासून किल्ली मेट्रनच्या कमरेला. त्या बाथरूमचा हिशेब सोपा होता: निगा पुरेपूर, वापर शून्य. दर सोमवारी धुतलेला टॉवेल बदलून दुसरा धुतलेला टॉवेल लागे. साबणावरची अक्षरं जशीच्या तशी होती. सफाईच्या मावशींनी एकदा तिथे हात धुतले, तेव्हा जी बोलणी खाल्ली ती त्या अजून विसरल्या नव्हत्या. आणि परवा भावजयीला किल्ली काढून देताना किल्लीबाईच म्हणाल्या होत्या, "घे बाई, निदान एक तरी नळ पास होऊ दे."

"पण तिथे कोणी हातसुद्धा लावत नाही!"

"म्हणून तर. पाणी पाइपात नुसतं पडून. वाहत्या पाण्यात यांना बूड टेकायला मिळत नाही. इथे कोणी उठवणारंच नाही म्हटल्यावर थाटला संसार. आणि पाइप तोच पुढे बाळांकडे जातो."

किल्लीबाई पुन्हा बशीवर वाकल्या. हा सगळा उजेड त्यांनी जपला होता. कमरेची किल्ली त्यांनी मुठीत धरली, वाजू नये म्हणून.

प्लंबरनं तो पाइप कापून नवा टाकला, उकळतं पाणी सोडलं, नळ बदलले. दाराचं कुलूप किल्लीबाईंनी स्वतः काढलं. मग रोज सकाळी त्या तिथे उभ्या राहू लागल्या. ज्या आवाजात आजवर माणसं हाकलली, त्याच आवाजात आत ढकलू लागल्या. "अहो मावशी, चोरासारखं काय धुताय? पुरता सोडा तो नळ!" साबणावरची अक्षरं आठवड्यात गेली.

भावजयीनं पुन्हा बोलावलं तेव्हा दार त्यांनी न सांगता लावलं. दिव्याचा खटका वाजला.

"लागला का गं?"

"तुमची कॉलर बघा, कशी चमकतेय."

दिवा लागला होता; पांढरी कॉलर खरंच चमकत होती. टेबलावर मात्र अंधार होता.

"मला तर काहीच दिसत नाही."

"डावीकडे पाहुण्यांचा नळ, वन्सं. उजवीकडे बाळांचा."

किल्लीबाई वाकल्या. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. भावजयीचा हात दाराच्या कडीकडे गेला.

"थांब," त्या हळूच म्हणाल्या. "उघडू नकोस. बघू दे जरा."